घरावरील गहाणाचा दावा: समन्स आल्यापासून लिलाव कायम होईपर्यंत

कुपवाड येथील एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी 2017 साली एका बिगर-बँकिंग वित्तीय कंपनीकडून घरबांधणीसाठी 14 लाख रुपये कर्ज घेतले आणि घराची मूळ कागदपत्रे कंपनीकडे ठेवली. एमआयडीसीतील काम सुटल्यानंतर हप्ते थकले आणि आता सांगलीच्या दिवाणी न्यायालयाचे समन्स आले आहे. त्याच गल्लीतील शेजाऱ्यांना बँकेची साठ दिवसांची नोटीस आली आहे, तर चुलतभावाच्या दारावर पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याने जप्तीचा कागद चिकटवला आहे. हे तिन्ही कागद एकच आहेत का, घर किती दिवसांत हातचे जाते आणि वडिलांनी आता काय करावे, असे मुलाने विचारले आहे. चुलते दुसऱ्या एका पतसंस्थेचे संचालक असल्यामुळे कर्ज देणाऱ्याने काय सांभाळावे, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे. कर्जदार आणि कर्ज देणाऱ्या संस्था अशा दोन्ही बाजूंनी मी या जिल्ह्यात अनेक वर्षे कामे चालवली असल्यामुळे दोन्ही बाजूंचे एकत्रच लिहितो.

तिन्ही कागद एकच नाहीत, आणि ते एकच समजल्यामुळे सांगली-मिरज परिसरात वाचू शकणारी घरे गेलेली मी पाहिली आहेत. थकलेली रक्कम भरून घर सोडवून घेण्याचा हक्क मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 60 ने प्रत्येक गहाणदाराला दिलेला आहे. मात्र हा हक्क नेमका कोणत्या क्षणी संपतो, हे कर्ज देणाऱ्याने कोणत्या कायद्याचा मार्ग धरला आहे त्यावर ठरते. एका मार्गात लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होताच तो संपतो, तर दुसऱ्या मार्गात लिलाव पार पडून बोली मंजूर झाल्यानंतरही तो काही काळ शिल्लक असतो. म्हणून हातात कागद आला की रक्कम किती आहे हे पाहण्याआधी तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढलेला आहे हे वाचावे.

शेजाऱ्यांची साठ दिवसांची नोटीस सरफेसी कायद्याची, म्हणजे 2002 च्या कायद्यातील कलम 13(2) ची आहे. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि त्यानंतर बँकेला न्यायालयात न जाता हा मार्ग धरता येतो. नोटिशीला लेखी हरकत घेतली, तर बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर देणे कलम 13(3अ) प्रमाणे बंधनकारक आहे. साठ दिवसांनंतर बँक आधी कागदोपत्री, म्हणजे सांकेतिक ताबा घेते, त्याची सूचना दारावर लावते आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असते. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम 14 खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला जातो. मुंबईसारख्या महानगरासाठी या कलमात मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांचे नाव आहे. आपल्यासारख्या जिल्ह्यांत तसा अर्ज मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. कर्जदाराची दाद दिवाणी न्यायालयात चालत नाही, कारण कलम 34 ने ते दार बंद केले आहे. त्याला पुण्याच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात कलम 17 खाली पंचेचाळीस दिवसांच्या आत जावे लागते. सांगलीत मनाई हुकमाचा दावा लावून वेळ मिळवू, असा सल्ला देणारे अजूनही भेटतात. त्या दाव्यात वेळ मिळत नाही आणि पंचेचाळीस दिवस मात्र निघून जातात.

या मार्गातील सर्वांत कठोर तरतूद कलम 13(8) ची आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर जाहीर लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी संपूर्ण देणे भरले तरच घर सुटते, आणि प्रसिद्धीबरोबर सोडवणुकीचा हक्क संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन शाखेत जाणाऱ्या कुटुंबाला बँक नाही म्हणू शकते, आणि ते कायद्याला धरून असते. सातबारा शेतीचा असल्यामुळे आपल्या घराला हा कायदा लागू होत नाही, अशीही समजूत आपल्याकडे आहे. शेतजमिनीवरील तारणाला कलम 31 ने वगळले आहे हे खरे. मात्र जमीन प्रत्यक्षात शेतीखाली असली पाहिजे, केवळ महसुली नोंद पुरेशी नाही, असे त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात सांगितलेले आहे. ज्या सातबाऱ्यावर दोनमजली घर उभे आहे, तो दाखवून फारसा उपयोग होत नाही.

चुलतभावाच्या दारावरील कागद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खालील आहे. पतसंस्था निबंधकांकडून कलम 101 चा वसुली दाखला मिळवते. त्यानंतर कलम 156 आणि 1961 च्या नियमांतील नियम 107 प्रमाणे विशेष वसुली अधिकारी मागणी नोटीस, जप्ती, विक्रीचा जाहीरनामा आणि लिलाव या क्रमाने जातो. दाखला देण्यापूर्वी निबंधक कर्जदार आणि जामीनदार दोघांनाही म्हणणे मांडण्याची संधी देतात, आणि त्या तारखेला गैरहजर राहणे ही या मार्गातील सर्वांत महागडी चूक ठरते. दाखला निघाल्यानंतर कलम 154 खाली पुनरीक्षण अर्ज करायचा, तर येणे रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि बहुतेकांना तेवढी रक्कम उभी करता येत नाही. लिलावानंतर तीस दिवसांच्या आत जाहीरनाम्यातील रक्कम आणि खरेदीदारासाठी बोलीच्या पाच टक्के रक्कम भरली, तर नियम 107 प्रमाणे विक्री रद्द करून घेता येते. ही तरतूद फार थोड्यांना माहीत असते. सहकारी बँकांना मात्र सरफेसीचाही मार्ग खुला आहे. याबाबतचा वाद शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणातून घटनापीठापर्यंत गेला होता, आणि मे 2020 मध्ये निकाल बँकेच्या बाजूने लागला. त्यामुळे सहकारी बँकेचा कागद आला तर तो कलम 101 चा आहे की 13(2) चा, हे पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नये.

आता आपल्या वडिलांच्या समन्सकडे वळतो. कंपनीने दिवाणी न्यायालयात येण्याचे कारण सरळ आहे. बिगर-बँकिंग कंपनीला 20 लाखांपेक्षा कमी कर्जासाठी सरफेसी वापरता येत नाही, आणि 20 लाखांखालील येणे कर्ज वसुली न्यायाधिकरणाच्या कक्षेतही बसत नाही. राहतो तो गहाणाचा दावा, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश 34. हा मार्ग तिघांत सर्वांत लांबचा आहे, आणि घर वाचवण्याच्या सर्वांत जास्त संधी कर्जदाराला याच मार्गात मिळतात. मात्र त्या प्रत्येक संधीला मुदत आहे.

मिळकत जिथे आहे त्याच भागातील न्यायालयात हा दावा लावावा लागतो. मागणी 5 लाखांहून अधिक असल्यामुळे तो वरिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढे चालेल. कागदपत्रे ठेवून घेतलेले कर्ज हे कायद्याने गहाणच असते, त्यासाठी वेगळे गहाणखत नोंदवलेले असण्याची गरज नाही. 2013 पासून महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना, जिला सर्वजण नोटीस ऑफ इंटिमेशन म्हणतात, तीस दिवसांत दुय्यम निबंधकांकडे दाखल करावी लागते. त्यामुळे गहाणखतच झालेले नाही हा बचाव आपल्या प्रकरणात घेण्यात अर्थ नाही, उलट त्यामुळे पुढच्या खऱ्या हरकतींचे वजन कमी होते. गहाणातून रक्कम वसूल करण्याची मुदत रक्कम देय झाल्यापासून बारा वर्षे असते, तेव्हा मुदतीचा मुद्दाही येथे उपयोगी पडणार नाही.

समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर द्यायचे असते, आणि न्यायालय कारणे पाहून नव्वद दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते. या काळात गैरहजर राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे आपले म्हणणे न ऐकता न्यायालयाचा निकाल होतो. तो रद्द करून घेण्यासाठी तीस दिवसांच्या आत अर्ज करून समन्स मिळालेच नव्हते किंवा गैरहजेरीला सबळ कारण होते हे दाखवावे लागते. घरातील वडीलधाऱ्यांनी समन्स घेण्याचे टाळले म्हणून दावा थांबत नाही. बेलिफ दारावर समन्स चिकटवून तसा अहवाल देतो आणि न्यायालय रीतसर बजावणी झाली असे धरू शकते.

कैफियतीत सगळेच नाकारण्याची जुनी पद्धत मला कधीच पटली नाही. कर्ज घेतले असेल तर घेतले असे लिहावे आणि हिशेबाला हरकत घ्यावी, कारण या दाव्यात खरी लढत हिशेबाचीच असते. कंपनीकडून संपूर्ण कर्जखात्याचा उतारा मागावा आणि प्रत्येक भरणा आपल्या बँक पासबुकाशी पडताळून पाहावा. दंड व्याज कसे लावले आहे हे विशेष पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाप्रमाणे हप्ता चुकल्याबद्दल केवळ दंडात्मक शुल्क लावता येते, व्याजदरात त्याची भर घालता येत नाही आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याजही चढवता येत नाही. नव्या कर्जांना हे 1 एप्रिल 2024 पासून आणि जुन्या कर्जांना त्याच वर्षी जूनअखेरपर्यंत लागू झाले. त्यानंतरच्या महिन्यांचा उतारा ओळीओळीने तपासावा. न मागता उतरवलेल्या विम्याचा हप्ता कर्जात मिळवलेला असणे, तपासणी खर्चाच्या नावाखाली दरमहा ठरावीक रक्कम पडलेली असणे, आणि मधल्या काळात रोखीने घेऊन पावती दिलेली रक्कम खात्यात न दिसणे, या तीन गोष्टी मी अशा उताऱ्यांत वारंवार पाहिल्या आहेत. प्रतिनिधीने दिलेल्या पावत्या जपून ठेवल्या असतील तर त्यांची यादी कैफियतीसोबतच दाखल करावी.

पुराव्यानंतर न्यायालय आधी प्राथमिक हुकूमनामा करते. त्यात मुद्दल, व्याज आणि खर्च मिळून येणे किती, हे ठरते आणि ती रक्कम भरण्यासाठी सहा महिन्यांपर्यंतची तारीख दिली जाते. योग्य कारण दाखवल्यास न्यायालय ही तारीख वेळोवेळी वाढवू शकते. हुकूमनामा झाला म्हणजे घर गेले, असे समजून या टप्प्यावर सामान आवरून भाड्याच्या घरात गेलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. त्याची काहीही गरज नसते. मुदतीत रक्कम भरली तर कंपनीने मूळ कागदपत्रे परत करावीत, असा आदेश त्याच हुकूमनाम्यात असतो. व्याज मात्र या काळातही चालू राहते, म्हणून सहा महिने ही फुकटची सवलत समजू नये.

मुदतीत रक्कम भरली नाही तर वादी अंतिम हुकूमनाम्यासाठी अर्ज करतो. त्यासाठी त्याला तीन वर्षांची मुदत असते. अंतिम हुकूमनाम्याने विक्रीचा आदेश होतो आणि मग दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज दाखल होतो. एरवीच्या पैशाच्या हुकूमनाम्यात आधी जप्ती येते आणि मग विक्री होते, म्हणून जप्ती आलेली नाही तोवर काळजी नाही अशी लोकांची समजूत असते. गहाणाच्या हुकूमनाम्यात विक्रीचा आदेश हुकूमनाम्यातच असल्यामुळे वेगळ्या जप्तीची आवश्यकता नसते. पहिली हालचाल थेट विक्रीच्या जाहीरनाम्याच्या नोटिशीची असते आणि ती चुकवून चालत नाही.

हा टप्पा नीट समजून घ्यावा, कारण घराची किंमत येथेच ठरते. आदेश 21 नियम 66 प्रमाणे जाहीरनामा तयार करण्यापूर्वी न्यायालय दोन्ही पक्षांना बोलावते. त्यात मिळकतीचे वर्णन, तिच्यावरील इतर बोजे आणि दोन्ही बाजूंनी सांगितलेली किंमत येते. कुपवाड आणि मिरजेच्या विस्तारित भागात बरीच घरे गुंठेवारी प्लॉटवर उभी आहेत. खरेदीपत्रात जुना सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबर, महापालिकेच्या घरपट्टीवर वेगळाच मालमत्ता क्रमांक आणि नगर भूमापन झालेले असल्यास मिळकत पत्रिकेवर तिसराच क्रमांक, अशी स्थिती सर्रास आढळते. कंपनीचा अर्ज बहुधा कर्ज देतानाच्या शोध अहवालातून उतरवलेला असतो. परिणामी 2017 साली रिकाम्या असलेल्या प्लॉटचे वर्णन तसेच जाहीरनाम्यात येते आणि त्यावर नंतर चढलेला पहिला मजला त्यात नसतो. असा जाहीरनामा निघाला की बोली लावणारा प्लॉटची किंमत धरूनच येतो.

तेव्हा नियम 66 ची नोटीस येताच चालू घरपट्टीची पावती, बांधकाम नियमित झाले असल्यास गुंठेवारीचा दाखला, चतुःसीमा आणि शक्य असल्यास सरकारी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घेऊन हजर राहावे आणि हरकत लेखी द्यावी. हे आताच का, तर विक्री झाल्यावर नियम 90 खाली ती गंभीर अनियमिततेच्या किंवा फसवणुकीच्या कारणावरून रद्द करून घेता येते हे खरे असले, तरी जाहीरनामा तयार होईपर्यंत जी हरकत घेता आली असती ती नंतर ऐकली जात नाही, असे त्याच नियमात लिहिले आहे. शिवाय अनियमिततेमुळे आपले भरीव नुकसान झाले हेही सिद्ध करावे लागते. किंमत कमी धरली गेली, हे लिलावानंतर सांगणाऱ्या कर्जदाराला न्यायालय पहिला प्रश्न विचारते की त्या दिवशी आपण कुठे होता.

जाहीरनामा न्यायालयात आणि मिळकतीवर लावल्यापासून किमान पंधरा दिवसांनी लिलाव होतो. ज्याची बोली मान्य होते त्याने पंचवीस टक्के रक्कम तिथेच भरायची असते आणि बाकीची पंधरा दिवसांत. न भरल्यास फेरलिलाव होतो. हुकूमनामा असलेल्या कंपनीला स्वतः बोली लावायची असेल, तर न्यायालयाची परवानगी लागते. ती देताना न्यायालय एरवी येणे रकमेपेक्षा कमी नसलेली किमान किंमत ठरवते, म्हणजे कंपनीने चार लाखांत घर घेऊन उरलेल्या रकमेसाठी पुन्हा मागे लागण्याचा धोका येथे कमी असतो.

लिलाव झाल्यावरही सारे संपलेले नसते, आणि सरफेसीपेक्षा न्यायालयाचा मार्ग इथेच सर्वांत ठळकपणे वेगळा पडतो. आदेश 34 नियम 5 प्रमाणे विक्री कायम होण्यापूर्वी केव्हाही हुकूमनाम्याची संपूर्ण रक्कम आणि खरेदीदाराने भरलेल्या किमतीच्या पाच टक्के इतकी रक्कम न्यायालयात भरली, तर विक्री रद्द होते आणि घर परत मिळते. उदाहरणार्थ, हुकूमनाम्याची रक्कम आजपर्यंतच्या व्याज-खर्चासह 15 लाख 40 हजार असेल आणि घर 21 लाखांना गेले असेल, तर खरेदीदाराच्या भरपाईसाठी 1 लाख 5 हजार धरून एकूण 16 लाख 45 हजार रुपये भरावे लागतील. भावकीतून, सोने मोडून किंवा दुसरी जागा विकून ही रक्कम उभी राहू शकत असेल, तर विक्री कायम होण्याची तारीख न्यायालयाच्या रोजनाम्यात दररोज पाहावी. त्या तारखेनंतर एक रुपयाही स्वीकारला जात नाही. विक्री रद्द करण्याचे अर्ज साठ दिवसांत करायचे असतात आणि त्यांचा निकाल लागल्यावर विक्री कायम होते. पुढे खरेदीदाराला विक्री दाखला मिळतो, आणि घर खाली केले नाही तर आदेश 21 नियम 95 खाली बेलिफ, गरज पडल्यास पोलीस बंदोबस्तात, ताबा देतो.

लिलावाच्या रकमेतून आधी विक्रीचा खर्च, मग अगोदरच्या गहाणाचे येणे असल्यास ते, मग वादीचे व्याज, खर्च आणि मुद्दल वजा होते. वर उरलेली रक्कम कर्जदाराची असते. वरच्या उदाहरणात ती साडेपाच लाखांच्या आसपास जाईल. ती आपोआप घरी येत नाही, त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि असा अर्जच न केल्यामुळे रक्कम वर्षानुवर्षे न्यायालयात पडून राहते. उलट लिलावात रक्कम कमी आली, तर वादीला आदेश 34 नियम 6 खाली उरलेल्या रकमेसाठी वैयक्तिक हुकूमनामा मागता येतो. घर गेले की कर्ज फिटले, असे गृहीत धरू नये.

हे सारे वाचून कोणाला वाटेल की न्यायालयाच्या मार्गात वेळ भरपूर आहे, तेव्हा शेवटपर्यंत थांबावे. माझा सल्ला याच्या नेमका उलट आहे. रक्कम उभी राहणारच नसेल, तर प्राथमिक हुकूमनाम्याच्या आधी किंवा त्यातील सहा महिन्यांत कंपनीच्या लेखी संमतीने घर स्वतः विकावे. खरेदीदाराने कर्जाची रक्कम थेट कंपनीला द्यावी, कंपनीने कागदपत्रे मोकळी करावीत आणि उरलेली रक्कम आपल्या हाती यावी, असा त्रिपक्षीय करार करून मगच खरेदीपत्र नोंदवावे. खाजगी विक्रीत मिळणारी किंमत लिलावात क्वचितच मिळते. पैशाच्या साध्या हुकूमनाम्यात खाजगी विक्रीसाठी लिलाव पुढे ढकलण्याची सोय आदेश 21 नियम 83 मध्ये आहे. गहाणाच्या हुकूमनाम्याला तो नियम लागू नाही, हे विसरून अनेक जण शेवटच्या आठवड्यात गिऱ्हाईक घेऊन येतात.

तडजोड करायची असेल तर एकरकमी परतफेडीचा प्रस्ताव लेखी द्यावा आणि उत्तरही लेखी मागावे. ही सवलत हक्क म्हणून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले आहे, तेव्हा ती मिळेलच या भरवशावर दाव्यातील तारखा चुकवू नयेत. लोकन्यायालयात तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचे बळ येते, तिच्यावर अपील नसते आणि वादीला कोर्ट फी परत मिळते, त्यामुळे कंपनीलाही ती परवडते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असलेल्यांना तिथे विनामूल्य वकील मिळतो, आणि महिलेला तर उत्पन्नाची अटही नाही. आपल्या आई कर्जात सहकर्जदार असतील, तर त्यांच्या नावाने आजच अर्ज करता येईल.

चुलत्यांच्या प्रश्नाकडे येतो. कर्ज देणाऱ्याची प्रकरणे कायद्याच्या मुद्द्यावर क्वचित फसतात, ती कपाटातील फाइलवर फसतात. गहाणाच्या दाव्यात मिळकतीशी हितसंबंध असलेल्या प्रत्येकाला पक्षकार करावे लागते. कर्जदार मयत असेल तर सगळे वारस, दुसरे गहाण असेल तर ते गहाण घेणारा, आणि मधल्या काळात कोणी हिस्सा विकत घेतला असेल तर तो खरेदीदारही. विवाहित बहिणींना वगळून केवळ मुलांवर लावलेले दावे पुढे अनेक वर्षे अडकलेले मी पाहिले आहेत. खात्याचा उतारा प्रमाणित नसेल आणि संगणकीय नोंदीसोबतचे प्रमाणपत्र, जे आता भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे द्यावे लागते, जोडलेले नसेल, तर रक्कम खरी असूनही ती सिद्ध होत नाही. दरवर्षी मार्चअखेर कर्जदाराकडून शिल्लक मान्यतेची सही घ्यावी, कारण मुदतीच्या आत केलेल्या लेखी कबुलीने मुदत नव्याने सुरू होते. जामीनदाराला कर्ज थकल्याचे पहिले पत्र पहिल्याच तिमाहीत जावे. त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि त्याने रक्कम भरली तर गहाणाचे सर्व हक्क त्याच्याकडे येतात. हे त्याला वेळेवर कळले तर अनेकदा तोच मार्ग काढतो. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करणे किंवा चौकात नाव घेणे, असे प्रकार संचालकांनी कडकपणे थांबवावेत. रिझर्व्ह बँकेने ते बँकांना आणि वित्तीय कंपन्यांना मना केलेले आहे, आणि पतसंस्थेनेही तोच दंडक पाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक वेगळा प्रकार येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण तासगाव-विट्याकडून त्याबद्दल सतत विचारणा होते. खाजगी व्यक्तीकडून पैसे घेताना गहाण न लिहिता मुदत खरेदी लिहून दिली जाते, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पैसे परत केले तर मिळकत परत लिहून देण्याची अट असते. ती अट त्याच दस्तात असेल तरच तो व्यवहार गहाण ठरू शकतो. वेगळ्या कागदावर लिहिलेली असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 58 च्या परंतुकामुळे तो गहाण मानला जात नाही. आणि गहाण ठरला तरी सोडवणुकीचा हक्क कायमचा बंद करून मागण्याचा दावा याच प्रकारच्या गहाणात चालतो. त्यात लिलाव नसतो, म्हणून वर उरणारी रक्कमही नसते. आपल्या वडिलांच्या प्रकारच्या गहाणात असा दावा लावताच येत नाही, तिथे केवळ विक्रीच मागता येते. मुदत खरेदी लिहून घेणारी व्यक्ती परवाना नसलेली सावकार असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि चौकशीत मिळकत सावकारीपोटी घेतल्याचे निष्पन्न झाले तर ती परत मिळू शकते. अशा कुटुंबांनी दिवाणी दाव्याची वाट न पाहता आधी तिकडे जावे.

शेवटी, रक्कम भरून घर सुटले तर पुढचे कागद पूर्ण करून घ्यावेत. सर्व हप्ते किंवा तडजोडीची रक्कम भरल्यानंतर तीस दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदवलेला बोजा उतरवणे कंपनीवर बंधनकारक आहे. 1 डिसेंबर 2023 पासून यात कंपनीकडून विलंब झाल्यास दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. दावा चालू असेल तर रक्कम मिळाल्याची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन न्यायालयात दाखल करून दावा निकाली काढून घ्यावा. थकबाकी नसल्याचा दाखला, कागदपत्रे परत मिळाल्याची यादी आणि नोटीस ऑफ इंटिमेशन रद्द केल्याची नोंद हाती आली, की मिळकत पत्रिकेवर बोजा असल्यास नगर भूमापन कार्यालयात आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत असल्यास गावच्या तलाठी कार्यालयात बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा. फेरफार मंजूर होऊन नवा उतारा मिळेपर्यंत त्याचा पाठपुरावा सोडू नये.